चितळ-सांबराची बसण्याची जागा ओळखून लपण कुठे बांधावं?

प्रश्न : सागरेश्वर अभयारण्याबाहेर, देवराष्ट्रे भागात डोंगराला लागून शेत आहे. संध्याकाळी चितळं उतरतात. शेतात फोटोसाठी लपण करायचंय. जागा कशी ठरवू?

उत्तर १ : आधी बैठक ओळखा. पहाटे दवात लंबगोल कोरडा डाग, दबलेलं गवत, जवळ ओल्या चकचकीत लेंड्या दिसल्या तर बैठक ताजी. पण बैठकीपाशी लपण बांधू नका. एकदा बिचकली की कळप जागा सोडतो. बैठकीतून शेताकडे येणारी खुरांची वाट शोधा आणि लपण त्या वाटेच्या बाजूला घ्या.

उत्तर २ : वारा चुकला की सगळं चुकलं. संध्याकाळी गार हवा उताराने खाली येते, म्हणून वरच्या बैठकीला खालचा वास लागत नाही. पण तुमच्याही खाली कळप चरत असेल तर त्याला लागेल, म्हणून वाटेच्या अगदी वर बसू नका. ऊन चढलं की हवा उलटी वर जाते. तेव्हा बसूच नये. फडक्यात चुलीची राख बांधून चिमूट उडवून पाहा, दर अर्ध्या तासाला.

उत्तर ३ : लपण दोन-तीन आठवडे आधी उभं करून रिकामं ठेवा, जनावरं सरावतात. अभयारण्याच्या कुंपणाच्या आत वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही नको. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. फासे, विजेच्या तारा कुठे दिसल्या तर वनरक्षकाला लगेच कळवा.