मदत हवी आहे: सुन वुकोंग नक्की किती ताकदवान?

मंडळी, आमच्या भाच्याने वहीत चिनी देवांचा तक्ता केलाय, वरून खाली ताकदीच्या क्रमाने. वानरराज सुन वुकोंगला कुठे बसवायचं यावर आमचं घोडं अडलंय. (ज्या ह्युएन त्संगला आपण पुलकेशीमुळे ओळखतो, त्याचाच कादंबरीतला हा चेला.)

१६व्या शतकातल्या त्या चिनी कादंबरीत ('जर्नी टू द वेस्ट') सुरुवातीला तो स्वर्गाच्या १ लाख सैनिकांना पुरून उरतो. हातात १३,५०० जिन (जुनं चिनी वजनाचं माप) वजनाचा सोटा, ७२ रूपं. नेझा या बालयोद्धा देवालाही पळवून लावतो. अर्लांग शेन या योद्धा देवाशी मात्र बरोबरीत. त्यातला एक प्रसंग फारच गमतीचा आहे: वुकोंग देवळाचं रूप घेतो, तोंडाचं दार, डोळ्यांच्या खिडक्या, पण शेपटीचं काय करायचं? तिची काठी करून मागे उभी करतो. अर्लांग म्हणतो, देवळाच्या मागे निशाणकाठी कधी असते का! शेवटी लाओझी (ताओ पंथाचा मोठा देव) वरून कडं फेकतो, ते वुकोंगच्या डोक्यावर आदळतं आणि अर्लांगचा कुत्रा त्याच्या पायाला चावतो.

आता माझा घोळ. पुढे ह्युएन त्संगबरोबरच्या भारताच्या प्रवासात हाच वुकोंग एका शिंगाच्या राक्षसापुढे हतबल होतो. तो राक्षस म्हणजे लाओझीचा पळालेला बैल, आणि त्याच्याकडे तेच कडं! मग ही ताकद कुणाची, बैलाची की कड्याची? की तिथे बळापेक्षा वस्तू आणि तिचा मालक मोठा? तसं असेल तर तक्ताच फाडावा लागेल.

मूळ चिनी वाचलेलं कुणी आहे का इथे?