नेपाळचे ‘समान अंतर’ : धोरण की नाइलाज?

अजिंक्यतारा (सातारा)

नमस्कार. साताऱ्यातील आमच्या अभ्यासिकेत राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेची तयारी करताना नेपाळच्या परराष्ट्र धोरणावरून मतभेद झाला आहे आणि तो काही केल्या मिटत नाही, म्हणून जाणकारांपुढे प्रश्न ठेवत आहे. नेपाळमध्ये सरकार कोणत्याही पक्षाचे असो, भारत आणि चीन या दोघांपासून समान अंतर राखण्याची भाषा ते करतेच. प्रत्यक्षात 2017 मध्ये नेपाळने चीनच्या ‘बेल्ट अँड रोड’ या रस्ते, रेल्वे व बंदरे उभारण्याच्या उपक्रमाच्या करारावर सही केली, त्याच वर्षी अमेरिकेशी 50 कोटी डॉलरच्या एमसीसी (मिलेनियम चॅलेंज कॉर्पोरेशन या अमेरिकी सरकारी संस्थेच्या) अनुदानाचा करार केला आणि जानेवारी 2024 मध्ये दहा वर्षांत 10,000 मेगावॉटपर्यंत वीज भारताला विकण्याचे ठरवले. ज्याचा रेटा अधिक त्याच्याकडे झुकायचे, एवढेच यात आहे असे माझ्या मित्राचे म्हणणे. मला त्यामागे काही सूत्र असावे असे वाटते, पण ते मांडता येत नाही. समान अंतर नेपाळला खरोखर शक्य आहे का, आणि नसेल तर तो देश नेमके काय साधू पाहतो?

हरिपूरकर (सांगली)

राज्यशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. समान अंतर शक्य नाही, आणि काठमांडूतील जाणत्या राजकारण्यांनाही ते ठाऊक असणार. दक्षिणेस भारताशी सुमारे 1,750 किलोमीटरची खुली सीमा आहे, जी ओलांडायला दोन्हीकडच्या नागरिकांना पासपोर्ट लागत नाही. उत्तरेस हिमालय आहे आणि त्यातून वाहनांना जाता येईल अशा वाटा मोजक्याच आहेत. समुद्र गाठायचा तर कोलकाता बंदर जवळचे. चीनने 2016 च्या पारगमन (शेजारी देशातून मालाची ने-आण करण्याच्या) करारानंतर देऊ केलेली तियांजिनसारखी बंदरे तीन हजार किलोमीटरहूनही दूर पडतात.

नेपाळला खरे पाहता हवा असतो तो दुसरा दरवाजा, आणि तोही अशासाठी की पहिल्या दरवाजावरच्या शेजाऱ्याने आपल्याला गृहीत धरू नये. याचे पहिले ठळक उदाहरण राजे महेंद्र यांचे. डिसेंबर 1960 मध्ये त्यांनी नेपाळी काँग्रेसच्या बी. पी. कोइराला यांचे निवडून आलेले सरकार बरखास्त केले, तेव्हा नेपाळी काँग्रेसचे कार्यकर्ते भारतात आश्रयाला आले आणि येथून सशस्त्र हल्ले करू लागले. महेंद्र यांनी 1961 मध्ये चीनशी सीमा करार केला आणि काठमांडू ते चीनच्या सीमेवरील कोदारी हा रस्ता बांधण्याचेही त्याच वर्षी ठरवले. पुढच्या वर्षी भारत-चीन युद्ध पेटले, नेपाळ तटस्थ राहिला आणि नेपाळला दुखावणे भारताला परवडेनासे झाले. ती सशस्त्र चळवळ थांबवण्यात आली. रस्ता तोवर पूर्णही झाला नव्हता.

दुसरे उदाहरण आपल्या भागातील वाचकांना अधिक जवळचे वाटावे. फेब्रुवारी 1975 मध्ये राजे वीरेंद्र यांनी आपल्या राज्याभिषेकाच्या वेळी नेपाळला ‘शांतिक्षेत्र’ म्हणून मान्यता द्यावी असा प्रस्ताव जगापुढे ठेवला. त्या वेळी आपले यशवंतराव चव्हाण, देवराष्ट्र्यात जन्मलेले आणि कराडला वाढलेले, भारताचे परराष्ट्रमंत्री होते. त्याच वर्षी मे महिन्यात सिक्कीम भारताचे राज्य झाले, हे लक्षात घेतले म्हणजे काठमांडूतील धास्ती समजते. पुढे शंभराहून अधिक देशांनी त्या प्रस्तावाला पाठिंबा दिला. भारताने कधीच दिला नाही, कारण भारत-नेपाळ यांच्यातील 1950 च्या मैत्री करारातील सुरक्षाविषयक बंधने त्यामुळे निरर्थक ठरली असती. दिल्लीची ही अडचण खरी होती, तरी नेपाळच्या भीतीला तिने पुरेसे उत्तर दिले असे मला वाटत नाही.

दुसऱ्या दरवाजाची मर्यादा 1989 मध्ये दिसली. नेपाळने चीनकडून शस्त्रे घेतल्यावर भारताने व्यापार व पारगमन करारांची मुदत संपू दिली आणि दोन नाकी वगळता बाकीची बंद केली. चीनकडून पुरेशी मदत आली नाही, आणि वर्षभरात पंचायत राजवट, म्हणजे राजाच्या हाती सत्ता असलेली पक्षविरहित व्यवस्था, कोसळली. तिच्या पतनाला देशातील लोकशाही आंदोलन मुख्यतः कारणीभूत होते, हेही उत्तरात अवश्य लिहावे.

येरळाकाठ (विटा)

सरांचे विवेचन पटले. आमच्या खानापूर तालुक्यातील अनेकांप्रमाणे मीही गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यात आहे आणि काही वर्षे काठमांडूत चुलत्यांच्या दुकानात होतो. तेथे भारत किती जवळ आहे हे ‘शंभराला एकशे साठ’ या भावावरून रोज कळते. नेपाळी रुपया 1993 पासून याच दराने भारतीय रुपयाला बांधलेला आहे, त्यामुळे गावाकडे पैसे पाठवताना आम्हाला दर विचारावा लागत नसे. चलनच एका शेजाऱ्याला बांधलेले असेल, तर दोघांपासून सारखे अंतर कोठून येणार?

2015 मात्र मी विसरू शकत नाही. एप्रिलमध्ये भूकंप झाला, 20 सप्टेंबरला नवे संविधान लागू झाले आणि त्यावर नाराज असलेल्या, दक्षिणेकडील सपाट प्रदेशातील मधेशी समाजाच्या आंदोलनात भारताच्या सीमेवरील बीरगंजचा नाका अडला. आपण नाकेबंदी केलेली नाही, आंदोलनामुळे ट्रक अडले आहेत, असे भारत सरकारने सांगितले. आमच्या गल्लीत ते कोणाला पटले नाही. दसैं, म्हणजे नेपाळचा दसरा, हा तेथे सोन्याच्या खरेदीचा हंगाम, आणि भट्टीला गॅसच मिळेना. मूस तापवायला कोळसा शोधावा लागला, घरोघरी लाकडावर स्वयंपाक सुरू झाला. त्यातच चीनने 13 लाख लिटर इंधन तिबेटमधील केरुंगच्या वाटेने मदत म्हणून पाठवले. साऱ्या देशाच्या गरजेपुढे ते फारच थोडे होते, पण दुकानात येणारे प्रत्येक गिऱ्हाईक त्याच टँकरविषयी बोलत असे, आणि मी भारतीय आहे हे ठाऊक असल्याने मध्येच थांबत असे. पुढच्या मार्चमध्ये पंतप्रधान ओली बीजिंगला जाऊन पारगमन करार करून आले. तरीही 2019 मध्ये इंधनाची वाहिनी सुरू झाली ती मोतीहारी ते अमलेखगंज, म्हणजे भारतातूनच.

माजी सैनिक (कोरेगाव)

लष्कराच्या बाजूचे दोन शब्द लिहितो. साताऱ्यातून जशी पोरे पिढ्यान् पिढ्या भरती होतात, तशी नेपाळच्या डोंगरी गावांतूनही होत आली. 1947 च्या त्रिपक्षीय करारानुसार ती भारतीय आणि ब्रिटिश, दोन्ही सैन्यांत जातात. परंतु 2022 मध्ये अग्निपथ योजना आल्यावर नेपाळने नव्या अटींवर भरतीला संमती दिली नाही. गोरखा पलटणींशेजारी काढलेली वर्षे आठवली की याचे फार वाईट वाटते.

लष्करी गटात न जाण्याचा नेपाळचा निर्धार मात्र सगळ्यांच्या बाबतीत दिसतो. 2018 मध्ये पुण्याला बिमस्टेक, म्हणजे बंगालच्या उपसागराच्या परिसरातील देशांच्या गटाचा, लष्करी सराव झाला, त्यातून नेपाळने ऐनवेळी आपली तुकडी मागे घेतली. अमेरिकेचे एमसीसी अनुदान फेब्रुवारी 2022 मध्ये संसदेने मंजूर केले, पण त्याच वर्षी अमेरिकेच्या लष्करी भागीदारीच्या कार्यक्रमाला नकार दिला. पैसा घ्यायचा, पण फौज कोणाच्या दावणीला बांधायची नाही, हे मला तरी स्पष्ट सूत्र वाटते.

अजिंक्यतारा (सातारा)

सर, दादा आणि काका, मनःपूर्वक आभार. एक शंका उरते. जुलै 2025 मध्ये केरुंगच्याच वाटेवरचा, चीनच्या सीमेवरील रसुवागढीचा मैत्री पूल पुरात वाहून गेला आणि चीनकडील व्यापार अडला. दुसरा दरवाजा इतका कच्चा असेल, तर भारताने त्याची दखल का घ्यावी?

हरिपूरकर (सांगली)

कारण त्या दरवाजातून माल किती येतो यापेक्षा चिनी कंपन्या नेपाळमध्ये काय बांधतात याची चिंता दिल्लीला अधिक असते. ज्या जलविद्युत प्रकल्पात चिनी गुंतवणूक किंवा चिनी कंत्राटदार आहे, त्याची वीज भारत घेत नाही. त्यामुळे नदीवर धरण बांधताना भांडवल कोणाकडून घ्यायचे हे ठरवले की गिऱ्हाईकही ठरून जाते. महेंद्र यांच्या काळात एक रस्ता पुरेसा झाला. आता तसे होत नाही. आजच्या सरकारांना हा विचार प्रकल्पागणिक करावा लागतो, आणि तेथे सरकारे इतक्या वेळा बदलतात की एका मंत्रिमंडळाने केलेला हिशेब पुढचे पुसून टाकते. माझ्या मते नेपाळची खरी दुर्बलता भूगोलात कमी आणि यात जास्त आहे. काठमांडूतील पक्ष परस्परांना शह देण्यासाठी बाहेरच्या सत्तेचा आधार शोधतात, तेव्हा दोन्ही शेजाऱ्यांना आत हात घालायला वाव मिळतो.

नोव्हेंबर 2024 मध्ये भारताच्या वाहिन्यांतून 40 मेगावॉट नेपाळी वीज बांगलादेशला देण्यास सुरुवात झाली. आकडा लहान आहे, पण तिसरे गिऱ्हाईक मिळवण्याची वाटही भारतातूनच जाते, हे मित्राला दाखवण्यासाठी एवढे उदाहरण पुरे.