दुबईत कंपनी काढली की टॅक्स शून्य? हे पसरवणं बंद करा

लेखापाल_ठाणे: काल इथे एकाने टाकलंय, "फ्री झोनचं लायसन घ्या, टॅक्स शून्य, भारतात कशाला मरता." डोकं उठलं वाचून. जून २०२३ पासून तिकडे ३,७५,००० दिरहमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के कॉर्पोरेट टॅक्स आहे. फ्री झोनला, म्हणजे धंद्याला खास सवलती असलेल्या तिथल्या ठरावीक भागाला, शून्य मिळतो पण ठरावीक उत्पन्नावरच आणि अटी पाळल्या तर. ५ टक्के व्हॅट २०१८ पासून आहेच. आणि ठाण्यात राहून तिकडची कंपनी, बँक खातं रिटर्नमध्ये लपवलंत तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख दंड लागू शकतो. हे एजंट सांगत नाही, त्याला त्याची फी हवी असते.

बरदुबईकर: टॅक्सवरच का अडकता? फायदा बाजाराचा आहे. दुबईच्या जेबेल अली बंदरात माल उतरवला की तिथून ओमान, कुवेत, आफ्रिका. दिरहम डॉलरला बांधलेला, एका डॉलरला ३.६७२५, त्यामुळे भाव देताना झोप उडत नाही. २०२१ पासून बहुतेक धंद्यांत मेनलँडला, म्हणजे फ्री झोनच्या बाहेरही, १०० टक्के मालकी मिळते. आधी ५१ टक्के स्थानिक स्पॉन्सरच्या नावावर ठेवावे लागायचे, माझ्या काकांचं चालतं दुकान त्या भांडणात गेलं. धनंजय दातारांच्या अल आदिल या मसाले-किराणा दुकानांची सुरुवात १९८४ ला, त्या काळात, ते काय टॅक्स वाचवायला गेले होते?

निफाडचा_पोरगा: मी का गेलो ते सांगतो. कांदा. ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क, ८ डिसेंबरला थेट बंदी. सौदा झालेला, गोण्या शिवलेल्या, कंटेनर न्हावाशेवा बंदरात उभा. दुबईचं गिऱ्हाईक म्हणालं, "भाई, तुम्हारा भरोसा नहीं." आज माझी तिकडे कंपनी आहे, नाशिकचा नाही मिळाला तर पाकिस्तानचा, इजिप्तचा घेतो पण ऑर्डर चुकत नाही.

लासलगाव_शेतकरी: वा रे निफाडच्या! आम्ही इकडे मार्केटात ट्रॅक्टर उभा करून मातीमोल भावाने माल दिला आणि तू पाकिस्तानचा कांदा विकतोस, लाज वाटत नाही?

निफाडचा_पोरगा: बंदी मी घातली का? माझ्या बापाचाही कांदा कांदाचाळीतच सडला. मी नाही विकला तर कराचीवाला स्वतः विकेल, मग गिऱ्हाईक कायमचंच गेलं ना दादा.

लासलगाव_शेतकरी: ४ मे २०२४ ला बंदी उठली तरी ४० टक्के शुल्क होतंच, वर टनाला ५५० डॉलर किमान निर्यात भाव. शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. तोवर तुझ्यासारख्यांनी दुसऱ्यांच्या मालाची सवय लावून ठेवली. पण दिल्लीने केलं हे खरंय, तेवढं मान्य.

लेखापाल_ठाणे: कांदा पुरे, वेगळा धागा काढा. निफाडच्या, तू तिकडेच राहतोस का?

निफाडचा_पोरगा: हो, बायकापोरांसकट. एनआरआय आहे.

लेखापाल_ठाणे: मग तुझं गणित वेगळं आहे, आणि तुझं कारणही खरं धंद्याचं आहे, मानलं. मी बोलतोय ते इथे बसून लायसन विकत घेणाऱ्यांना. त्यांनी रिटर्नमध्ये शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, भरलंच पाहिजे, कंपनीने एक रुपया कमावला नसला तरी.