खाई त्याला खवखवे

म्हणींवरच्या चर्चेत कुणीतरी म्हटलंय की शेती-स्वयंपाकातल्या म्हणी आता नुसत्या पाठ करायच्या, कारण त्यातल्या वस्तूच घरातून गेल्या. अर्धं पटलं. सुंभ, म्हणजे काथ्याची दोरी, खरंच गेला. 'सुंभ जळाला तरी पीळ जात नाही' हे माझ्या भाचीला नायलॉनच्या दोरीवरून कसं समजावणार? नायलॉन वितळून गोळा होतो. काथ्याचा सुंभ जळला की राखेतही वळसे तसेच दिसतात, फुंकर मारेपर्यंत. सगळं गेलं तरी ताठा न सोडणारा माणूस असाच असतो.

पण 'खाई त्याला खवखवे' अजून जिवंत आहे. सुरण किंवा अळू नीट शिजलं नाही, चिंच-कोकम कमी पडलं, तर घसा धरतो. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते टोचतात. गंमत अशी की पंगतीत कुणी काही बोललेलं नसतं. ज्याने खाल्लं तोच खाकरायला लागतो. ऑफिसात पैशांचा हिशोब लागत नाही म्हटल्यावर कुणी न विचारता 'मी नव्हतो हं' म्हणणारा हाच.

याचीच बहीण 'चोराच्या मनात चांदणं'. तीही सुरेख, पण तिथे पकडले जाण्याची भीती आहे. खवखव आतून येते, म्हणून मला ती जास्त आवडते.

बाकी 'ताकाला जाऊन भांडं लपवणे' या चर्चेत कुणीच कसं काढलं नाही? उसने पैसे मागायला आलेला पाहुणा तासभर पावसापाण्यावर बोलतो, तेव्हा ते भांडं मला पाठीमागे दिसत असतं.