तेरा तारखेचा शुक्रवार अशुभ का मानतात?

प्रश्न (दादर): सासूबाईंसाठी अमावास्या टाळून घराच्या नोंदणीची तारीख घेतली, तर ती नेमकी तेरा, शुक्रवार निघाली आणि मुलगा अडून बसला. या समजुतीचे मूळ ख्रिस्तपूर्व धर्मांत आहे का?

उत्तर (गिरगाव): या जोडीचे स्पष्ट उल्लेख १९व्या शतकापासूनचे आहेत. येशूला शुक्रवारी क्रूसावर चढवले आणि शेवटच्या भोजनाला तेरा जण होते, या दोन्ही गोष्टी ख्रिस्ती परंपरेतल्या आहेत. नॉर्स (प्राचीन स्कँडिनेव्हियन) पुराणकथांतला कपटी देव लोकी हा देवांच्या मेजवानीतला तेरावा पाहुणा होता, असे सर्रास सांगतात. जुन्या नॉर्स साहित्यातील, लोकीच्या कपटाने मारल्या गेलेल्या बाल्डर या देवाच्या कथेत मात्र तशी मोजदाद नाही.

उत्तर (विलेपार्ले): तरीही अशुभ दिवसाची कल्पना पुष्कळ जुनी आहे. प्राचीन काळी रोमजवळच्या आलिया नदीकाठी गॉल या केल्टिक टोळ्यांच्या लोकांनी केलेला पराभव रोमनांच्या इतका जिव्हारी लागला की १८ जुलै हा दिवस त्यांनी कायमचा काळा ठरवला. स्पेनमध्ये तर तेरा तारखेचा मंगळवार टाळतात. मुलाला हेही सांगा आणि नोंदणी उरकून घ्या.