न्यून, विपुल, परिपूर्ण: 403401 ही संख्या मराठीत कशी वर्णावी?

फोंड्याहून प्रश्न:
घरातल्या मुलांसाठी गणिताच्या संज्ञांची वही मराठीत लिहिताना, मोठ्या संख्येचे उदाहरण म्हणून मी आमच्या गावचा पिनकोड, म्हणजे चार लाख तीन हजार चारशे एक, घेतला. तिचे मूळ अवयव 3, 47 आणि 2861 असे पडतात. 2861 ही मूळ संख्या असल्याची खात्री 53 पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पटते, कारण 54 चा वर्ग 2916 होतो. मात्र काही जुन्या वह्यांत ‘मूळ’ऐवजी ‘अविभाज्य’ हा शब्द आहे. कोणता ठेवावा? शिवाय, स्वतःला वगळून उरलेल्या विभाजकांची बेरीज जिच्याएवढीच भरते, त्या 6 किंवा 28 सारख्या संख्येला ‘पूर्ण संख्या’ म्हणता येईल का?

म्हापशाहून उत्तर:
‘मूळ’च ठेवावा. शाळेत ‘विभाजक’ आणि ‘विभाज्य’ ही जोडी शिकवली जाते आणि 403401 ही 3 ची विभाज्य आहे, असे आपण म्हणतो; तेथे ‘अविभाज्य’ आणल्यास मूल लगेच विचारते, “कशाने अविभाज्य?” 7 ला 1 ने आणि 7 ने भाग जातोच की. ‘वर्गमूळ’मुळे ‘मूळ’ शब्दही थोडा घोटाळा करतो, पण ‘मूळ अवयव’ हा प्रयोग इतका रुळला आहे की तो मोडू नये.

‘पूर्ण’ मात्र नको. पूर्ण संख्या, पूर्णांक आणि पूर्ण वर्ग या तीन ठिकाणी तो शब्द आधीच खर्ची पडला असल्याने 6, 28, 496 आणि 8128 यांना ‘परिपूर्ण’ म्हणणे मला योग्य वाटते. आपल्या संख्येचे स्वतःखेरीजचे विभाजक 1, 3, 47, 141, 2861, 8583 आणि 134467 असून त्यांची बेरीज 146103 भरते. ती संख्येपेक्षा बरीच कमी असल्यामुळे ही संख्या ‘न्यून’ ठरते. उलट प्रकाराला, उदाहरणार्थ 12 ला (1, 2, 3, 4 व 6 यांची बेरीज 16), अधिक महिन्याच्या चालीवर ‘अधिक’ म्हणावे असा मोह होतो, पण गणितात ‘अधिक’ म्हटले की बेरजेचे चिन्हच डोळ्यांपुढे येते. म्हणून ‘विपुल’.

फोंड्याहून:
पटले. एक शंका उरते. तिन्ही मूळ अवयव एकेकदाच येत असल्याने 1 पेक्षा मोठ्या कोणत्याही वर्गसंख्येने हिला भाग जात नाही. अशा संख्येसाठी ‘वर्गमुक्त’ लिहिले, तर मुलांना शाळेच्या वर्गातून सुटका झाल्यासारखे वाटले!

म्हापशाहून:
तरीही तोच शब्द लिहावा आणि शेजारी 12 चे उदाहरण द्यावे: तिला 4 ने भाग जातो, म्हणून ती वर्गमुक्त नाही.