मदत हवी आहे: रात्रपाळीनंतर बाईकवर डुलकी लागते

मंडळी, धाकटा भाऊ चाकण एमआयडीसीत आहे. पाळी दर आठवड्याला फिरते. रात्रपाळीच्या पहिल्या दिवशी त्याला दुपारी झोपच लागत नाही, म्हणजे सकाळी सुटतो तेव्हा जवळपास 24 तास जागा. तसाच बाईकवरून राजगुरुनगरपर्यंत येतो. परवा स्पीडब्रेकरवर आदळला तेव्हा भानावर आला; त्याआधीचा पेट्रोल पंप कधी मागे गेला, आठवतच नाही म्हणाला.

17 तास जागरण झालं की माणूस रक्तात 0.05 टक्के दारू असल्यासारखा मंदावतो, 24 तासांनी 0.10. आपल्याकडे गाडी चालवताना कायद्याची मर्यादा 0.03 आहे. हे सांगितलं की त्याचे साहेब 1963-64 मध्ये 11 दिवस जागलेल्या रँडी गार्डनर या अमेरिकन शाळकरी मुलाचं उदाहरण देतात. (तो पोरगा चाकणच्या ट्रॅफिकमध्ये बाईक चालवत नव्हता!)

कडक चहा, तोंडावर पाणी, कानात गाणी, सगळं करून झालं. खोलीला जाड काळे पडदे लावल्यापासून आठवड्याचे पुढचे दिवस बरे जातात, पहिला दिवस मात्र तसाच. शुगर, थायरॉइड नॉर्मल; घोरत नाही. कंपनीची बस आमच्या बाजूला येत नाही, कायम दिवसपाळी मिळणार नाही. झोपेच्या गोळ्या नकोत.

फिरत्या पाळीत काम केलेल्यांना विचारतो: पहिल्या रात्रपाळीआधी दुपारची झोप कशी जमवता? आणि सुटल्यावर कंपनीतच 20 मिनिटं डुलकी काढली, तर उठल्यावर किती वेळ थांबून गाडीला किक मारावी?